फलाटावरचं दूध

माझी थोरली मुलगी बाटलीला तोंड लावायची नाही. वाटी-चमच्यालाही नाही. गाईचं दूध, शेळीचं दूध, पाणी घातलेलं, साखर घातलेलं, सगळं करून झालं. ती ओठ घट्ट मिटून मान अशी फिरवायची की चमच्यातलं दूध माझ्या सासूबाईंच्या कोपरापर्यंत ओघळायचं. एरवी ही गोष्ट घरातल्या घरात राहिली असती. पण त्या वर्षी मी शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी रोज राजनांदगावला जात होते, त्यामुळे ती भिलाईतल्या एका लहानशा स्टेशनाच्या फलाटावर येऊन पोचली.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही कोहक्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. स्टील प्लांटचं क्वार्टर मिळायला माझ्या नवऱ्याचा नंबर अजून लागायचा होता. ते तिथे कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला, आठवड्याला बदलणारी शिफ्ट. नातीला सांभाळायला म्हणून सासूबाई भंडाऱ्याकडच्या खेड्यातून आल्या होत्या. जन्म सगळा धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात गेलेला, अंगानं काटकुळ्या, बोलणं थोडं आणि ठाम. सून शिकायला जाते हे त्यांना पटलं होतं की नाही ते मला कधी कळलं नाही. पण पहिल्या दिवशी माझा डबा त्यांनीच भरला होता.

सकाळी साडेसातला मी लेकीला पोटभर पाजून निघायची. परत यायला दुपारी तीनला भिलाईत पोचणारी पॅसेंजर. स्टेशनावर उतरून, रिक्षा मिळवून घरी पोचेपर्यंत पावणेचार. लेकीचं रडणं दोनला सुरू व्हायचं. अडीचपर्यंत शेजारच्या बाया दारात येऊन विचारायच्या, काय झालं म्हणून.

एक दिवस मी गाडीतून उतरले तर सासूबाई समोर उभ्या. लुगड्याचा पदर डोक्यावर, कडेवर लेक, तिचे डोळे रडून लाल झालेले. मी धावत पुढे गेले.

"काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "घरी बसून इचं रडणंच आयकू का? रिक्षात धक्के बसले का चूप राह्यते. अन् तुले पाऊण घंटा आधी भेटते."

तेव्हापासून त्या रोज यायला लागल्या. पाऊण तास म्हणजे काय, हे त्या आठवड्यात मला समजलं. पाच महिन्यांच्या पोरीला तो अर्ध्या दिवसाएवढा असतो, आणि दुधानं दगड झालेल्या छातीलाही.

पण पाजायचं कुठे?

पहिल्या दिवशी मी फलाटावरच्या बाकावर बसले, पदर ओढून घेतला आणि लेकीला आत घेतलं. पाच महिन्यांचं मूल म्हणजे काय चीज असते, ते ज्यांनी पाजलंय त्यांना ठाऊक आहे. चहावाला ओरडला, हिनं डोकं बाहेर काढलं. कुत्रं भुंकलं, पुन्हा डोकं बाहेर. तेवढ्यात दुसऱ्या लाइनीवरून लोहखनिजाची मालगाडी धडधडत गेली. तिच्या वाऱ्यानं माझा सिंथेटिक साडीचा पदर जो उडाला तो थेट खांद्याच्या मागे. समोरच्या बाकावरच्या माणसानं पेपर खाली केला आणि लगेच वर केला. कॉलेजची तीन-चार पोरं उगीचच हसली. मी लेकीला ओढून काढलं, तशी ती किंचाळली. सासूबाईंनी माझा पदर सारखा केला आणि बाकाच्या पुढ्यात पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठीआड मी कसंबसं उरकलं.

मग आमची शोधाशोध सुरू झाली. बायकांची वेटिंग रूम होती, पण वरच्या वर्गाच्या तिकिटाची. तिला कुलूप असायचं आणि किल्ली स्टेशनमास्तरांकडे. चहाच्या टपरीमागे धूर. जिन्याखाली पानाच्या पिचकाऱ्या. तीन-चार दिवस आम्ही दोघी लेक घेऊन स्टेशनभर हिंडलो. इतकी वर्षं जिथून जात-येत होते ते स्टेशन मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. बायांसाठी त्यात पाण्याचा नळ होता, तिकिटाची वेगळी रांग होती, पण पाठ टेकायला एक भिंतसुद्धा नव्हती. हे स्टेशन बांधताना नकाशा काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रवासी म्हणून कोण उभं राहिलं असेल, असा प्रश्न मला पडला. त्याची स्वतःची आई तरी कधी गाडीत बसली असेल ना?

शेवटी फलाटाच्या पार टोकाला जागा सापडली. तिथे एक कडुलिंब होता आणि त्याच्याखाली पार्सलच्या दोन मोडक्या हातगाड्या उभ्या करून ठेवलेल्या. त्यांच्या आडोशाला आम्ही गेलो, तर तिथे आधीच एक बाई बसलेली. गावाकडून सकाळच्या गाडीनं भाजी आणून बाजारात विकायची आणि दुपारच्या गाडीनं परतायचं, अशी छत्तीसगढी बाई. माझ्याच वयाची. शेजारी बांबूची टोपली, तिला तिकडे टुकनी म्हणतात. तिच्यात उरलेल्या लाल भाजीच्या चार-दोन जुड्या. मांडीवर सहा-सात महिन्यांचा मुलगा, आणि ती त्याला उघड्यावर, कशाचाही आडपडदा न ठेवता पाजत होती. आडोशाला बसली होती ती सावलीसाठी.

मी पाठ फिरवून, पदराखाली लेकीला घेऊन कसरत करायला लागले. ती बाई थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "काबर लुकावत हस बहिनी? लइका दूध पियत हे, चोरी थोरे करत हे."

का लपवतेस, मूल दूध पितंय, चोरी थोडीच करतंय. मी हसले, पण ते डोक्यातून जाईना. खरंच, का लपवत होते मी? तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. येणारे-जाणारे लोक तिच्यावरून नजर अशी पुढे नेत की जणू ती कडुलिंबाचाच भाग. मी मात्र पदराखाली असूनही लोक वळून बघायचे. एक दिवस मुद्दाम तिच्यासारखं मोकळं बसून पाहिलं. दोन मिनिटं टिकले. माझा पुढून हूक लावायचा ब्लाऊज, खांद्यावरची पर्स, हातातली वही, यातलं कुठलंही त्या बसण्याला साथ देत नव्हतं. तिचं लुगडं एका हातानं सरकायचं आणि एका हातानं जागेवर यायचं.

घरी येताना रिक्षात मी सासूबाईंना विचारलं, तुम्ही कुठे पाजायच्या?

"कुठी म्हणजे? बांधीत. रोवणा चालू राहे, हा धुऱ्यावर निजून राहे. रडला का जायचं, चिखलाचे हात धुवायचे अन् पाजायचं." हा म्हणजे माझा नवरा; रोवणा म्हणजे भाताची लावणी, धुरा म्हणजे बांध.

"सगळ्यांसमोर?"

"हाव. कावून?"

"मग इथे माझ्यासमोर पाठ करून कावून उभ्या राहता?"

त्यांनी लेकीचं टोपडं सारखं केलं. मला वाटलं राग आला. मग म्हणाल्या, "तिथं सारे आपले होते वं. कोण कोणाचा, मालूम होतं. इथं कोणाची नजर कशी हाय, कोणाले मालूम."

त्यानंतर मी भेटेल त्या बाईला विचारत सुटले. प्रशिक्षणातल्या मैत्रिणींना, शेजारणींना, गाडीतल्या अनोळखी बायांनासुद्धा. प्रवासात कुठे पाजलंत? आधी सगळ्या लाजायच्या आणि मग थांबायच्या नाहीत. एकीनं गाडीच्या संडासात उभ्यानं पाजलं होतं, दार दणादण वाजत असताना. एकीनं बसस्टँडवरच्या बांगड्यांच्या दुकानात, पडद्यामागे. नको असताना डझनभर बांगड्या भरून घेतल्या होत्या तिनं, बसायला मिळावं म्हणून. एकजण म्हणाली, मी बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत कुठे गेलेच नाही. ते तिनं इतकं साधेपणानं सांगितलं की मला पुढचं विचारवेना.

असे दोनेक महिने गेले. फलाटाच्या टोकाला आमची आणि भाजीवालीची रोजची भेट व्हायला लागली. सासूबाई तिच्याकडून भाजी घ्यायच्या, पण जुडी टोपलीतून स्वतः उचलायच्या, तिच्या हातून नाही. त्यांच्या गावात तशी रीत होती आणि ती त्यांनी भिलाईतही सोडली नव्हती. आमच्याकडे धुणं धुवायला येणाऱ्या बाईचा कप वेगळा, खिडकीत पालथा घातलेला असायचा. मला ते आवडत नव्हतं. पण मी तो कप उचलून कपाटातही कधी ठेवला नव्हता.

मग तो दिवस आला. पुढे कुठे तरी मालगाडीचा डबा रुळावरून उतरला आणि आमची पॅसेंजर दोन स्टेशनांच्या मध्ये, पळसाच्या झाडांत उभी राहिली. तीन वाजले, साडेतीन, चार. सांगायला कुणी नाही. माझ्या डब्यात कुणाचं तरी तान्हं रडत होतं. ते रडलं की माझ्या छातीत कळ यायची आणि दूध आपोआप वाहायला लागायचं. माझं मूल आणि परकं मूल यांतला फरक माझ्या मनाला कळत होता, पण छातीला कळत नव्हता. मी वही घट्ट धरून बसले. वहीची पहिली पानं भिजून शाई फुटली. डोळ्यांपुढे एकच चित्र, फलाटावर रडणारी लेक.

साडेपाचच्या सुमाराला गाडी लागली. मी उतरून धावतच टोकाला गेले. रडणं ऐकू येत नव्हतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

हातगाड्यांच्या आडोशाला भाजीवाली बसली होती, तिचीही गाडी अजून आली नव्हती. सासूबाई तिच्यासमोर आपला पदर दोन्ही हातांनी पसरून आडवा धरून उभ्या होत्या. आणि तिच्या मांडीवर माझी लेक निजली होती. ओठांच्या कडेला दुधाचा थेंब. तिचा मुलगा शेजारी पोत्यावर बसून भाजीचं देठ चघळत होता.

सासूबाईंनी नंतर तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. लेक रडून रडून निळी पडायला लागली होती. त्या दोनदा स्टेशनमास्तरांकडे जाऊन आल्या, गाडी कधी येईल ते त्यांनाही माहीत नव्हतं. पाण्यात बुडवलेलं फडकं तोंडात दिलं, ते तिनं थुंकलं. घरी जावं तर घरी काय होतं? तेव्हा ती बाई हात पुढे करून म्हणाली होती, "ला दाई, मोला दे." आण माय, मला दे.

"अन् तुमी देली?" मी विचारलं.

"देली."

"काही विचारलं नाही तिला?"

मी काय विचारतेय ते त्यांना बरोबर कळलं. "इचारलं असतं तं ती सांगती," त्या म्हणाल्या. "मंग मले आयकावं लागलं असतं."

लेकीला हातात घेतलं तेव्हा मला हायसं वाटलं. आणि त्याच्याच पाठोपाठ राग आला. कुणाचा ते कळेना. माझ्या लेकीच्या अंगाला दुसऱ्या बाईचा वास येत होता, मेथीचा आणि घामाचा. मी तिला छातीशी लावलं. तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. पोट भरलं होतं तिचं.

माझी छाती मात्र फुटायची वेळ आली होती, हात लावला तरी डोळ्यांतून पाणी येत होतं. भाजीवालीनं ते पाहिलं. कडुलिंबाच्या बुंध्याकडे बोट दाखवून म्हणाली, इथे पिळून टाक, "भुइयाँ ला दे दे, गोड़ झन परे." भुईला दे, पण कुणाचा पाय पडू देऊ नको. सासूबाईंनी पुन्हा पदर धरला, आणि मी झाडाच्या मुळाशी बसून दूध पिळलं. कोरडी माती ते भराभर शोषून घेत होती.

निघताना सासूबाईंनी तिच्याकडची उरलेली जुडी घेतली. या वेळी तिच्या हातून.

दुसऱ्या दिवशी मी गाडीतून उतरले तर त्या स्टेशनमास्तरांच्या खोलीत उभ्या. मास्तर दक्षिणेकडचे होते, सभ्य गृहस्थ. ते हिंदीत समजावत होते की ती खोली वरच्या वर्गाच्या प्रवाशांची आहे, त्यांच्या हातात काही नाही. सासूबाईंची हिंदी म्हणजे मराठीलाच शेपूट लावलेलं. त्यांनी विचारलं, "नियम में ऐसा लिखा है का, के लेकरूवाली बाई नहीं बैठेगी?"

मास्तरांनी खरोखर विचार केला. असं लिहिलेलं नाही, म्हणाले. मग त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली. तीन ते चार खोली उघडी राहील, पण स्वच्छ ठेवायची, असं ठरलं.

खोलीत दोन वेताच्या खुर्च्या, एक पंखा, भिंतीवर आरसा. मी खुर्चीत मागे रेलून पाजलं, तेव्हा लक्षात आलं की इतके दिवस मी खांदे कानांपर्यंत उचलून पाजत होते. लेकही शांतपणे प्यायली. मला वाटलं, हेच ते. एवढंच तर हवं होतं.

पण भाजीवाली आत येईना. मी बोलवायला गेले, तर तिनं उलट विचारलं, "टुकनी ला कोन देखही?" टोपली कोण बघेल? टोपली आत आणू नका असं झाडणाऱ्या बाईनं आधीच बजावलं होतं. हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. माझी पर्स खांद्याला अडकत होती, तिची टोपली अडकणारी नव्हती.

"जाय तू," सासूबाई तिला म्हणाल्या आणि टोपलीपाशी बसल्या. एवढंच नाही, तेवढ्या वेळात त्यांनी एका गिऱ्हाइकाला दोन जुड्या विकल्याही, भावावरून जरा वाद घालून.

आत तिचा मुलगा प्यायलाच नाही. डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहिला. ती आरशात बघून हसली आणि पाचच मिनिटांत बाहेर आली. बाहेर वारा बरा असतो, म्हणाली, आणि कडुलिंबाखाली जाऊन त्याला पाजलं. मला थोडं वाईट वाटलं. आपण काही तरी मिळवून दिलं आणि तिला ते नको, असं. पुढच्या आठवड्यात मात्र ती आपणहून आली. मुलाला सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं, आत गेली आणि आतून कडी लावली. पंधरा मिनिटांनी बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर खुर्चीच्या वेताची नक्षी उमटली होती. झोपली होती ती. पहाटे तीनला उठणारी बाई. त्यानंतर अधूनमधून ती अशीच यायची, झोपायला. दूध पाजण्यासाठी ती खोली तिनं कधीच वापरली नाही.

आणखी एक गोष्ट झाली, ती सांगितली पाहिजे. खोली उघडायला लागल्यावर महिन्याभरात फलाटावर कुणी तरी एका खेडवळ बाईला हटकलं. मूल पाजत बाकावर बसली होती. "वहाँ कमरा है न, उधर जाओ." ती बिचारी गोंधळून उठली, मूल रडायला लागलं. आधी त्याच बाकावर अशा बाया बसायच्या आणि कुणी काही बोलायचं नाही. मी त्या माणसाशी भांडायला हवं होतं. मी फक्त तिच्याजवळ जाऊन बसले.

एप्रिलमध्ये माझं प्रशिक्षण संपलं. लेक वरणभात खायला लागली. भाजीवालीचा शेवटचा निरोप वगैरे काही झाला नाही. परीक्षेच्या आठवड्यात माझ्या गाड्या बदलल्या आणि नंतर मी तीनच्या गाडीनं आलेच नाही. तिचं गाव मी कधी विचारलं नव्हतं. घरी खिडकीतला कप बरेच दिवस तिथेच होता. एक दिवस बघितलं तर तो इतर कपांत होता.

पंधरा-सोळा वर्षांनी, आम्ही तोवर क्वार्टरमध्ये राहायला गेलो होतो, मी आणि लेक एका लग्नाला निघालो होतो. दुसऱ्या, मोठ्या स्टेशनावर गाडीची वाट बघत होतो. भिंतीकडे तोंड करून एक तरुण बाई बाळाला पाजत होती आणि तिचा नवरा टॉवेल धरून उभा होता. लेक तेव्हा अकरावीत होती, घरात मराठी आणि रागात हिंदी बोलायची. ती म्हणाली, इतक्या मोठ्या स्टेशनावर यांच्यासाठी एक खोली का नसावी?

मी म्हटलं, असावी. पण मग टोपलीचं काय, आणि बाकावरच बसायचं असेल तिचं काय, तेही बघावं लागेल. तिला कळेना मी काय बोलतेय ते. म्हणून मी तिला सगळं सांगितलं. तिनं कुणाचं दूध प्यायलं हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. मला वाटलं ती नाक मुरडेल किंवा हसेल. ती अगदी लक्ष देऊन ऐकत राहिली. कडुलिंबाच्या मुळाशी दूध पिळल्याचं सांगितलं तेव्हा तिनं मला थांबवलं.

"एक मिनिट. तिचा मुलगा तिथेच होता ना?"

"हो. पोत्यावर बसला होता."

"त्याच्या वाटणीचं मी प्यायले. आणि तुझं तर वाहून चाललं होतं."

"हो."

"मग तू त्याला का नाही पाजलंस?"

मी कारणं शोधायला लागले. दमले होते, घाबरले होते, अंधार पडायला आला होता. पण त्यातलं एकही खरं कारण नव्हतं. "सुचलंच नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

"उसको तो सूझा था न, मम्मी," लेक म्हणाली.

तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. गाडीची घंटा झाली तशी तिनं बॅगा उचलल्या. मी तिच्यामागे चालत राहिले आणि त्या मुलाचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत राहिले. पंख्याकडे बघणारा तो मला आठवला. त्या संध्याकाळचा, पोत्यावर बसून देठ चघळणारा, काही केल्या आठवेना.